पहिला खेळ गावात झाला पाहिजे

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठच्या वाड्यांवर कॅमेरा घेऊन गेलं, की मुलाखत संपता संपता एक प्रश्न येतोच. "पोरी, हे आमाला कवा बघायला मिळायचं?" विचारणारी आजी तासभर बोललेली असते. पाण्याखाली गेलेल्या गावात कुणाचं खाचर कुठं होतं, पाणी चढायला लागल्यावर देव कुणी डोक्यावर घेऊन वर आणला, माहेरची वाट कशी तुटली, हे सगळं तिनं सांगितलेलं असतं. त्याचा मोबदला तिनं मागितलेला नसतो. तिला ते एकदा बघायचं असतं, शेजारणींना दाखवायचं असतं. पुढं माहितीपट तयार होतो, गाजतो, पुरस्कारही मिळवतो. तिच्यापर्यंत मात्र तो बहुतेक वेळा पोचत नाही.

मी जावळी तालुक्यातल्या मेढ्याजवळच्या गावची. वडील मुंबईत मशीद बंदरला माथाडी कामगार होते. आई गावाकडं भात-नाचणीची शेती बघत आम्हा भावंडांना वाढवत राहिली. जावळीत घरोघरी हीच कहाणी सापडेल. शिक्षणानंतर मी काही वर्षं पुण्यात संकलनाचं काम केलं आणि मग गावाकडं परतले. आता याच खोऱ्यातल्या माणसांवर माहितीपट करते. या कामातून माझं एक ठाम मत बनलं आहे. समाजावर केलेल्या माहितीपटाचा पहिला खेळ ज्या गावात, ज्या वस्तीत चित्रण झालं तिथंच झाला पाहिजे. तोही अंतिम संकलनाच्या आधी, म्हणजे लोकांच्या म्हणण्यानं काही बदलता येईल अशा वेळी.

हे मत ज्या मातीतून आलं ती आधी सांगते. साताऱ्याहून मेढ्यामार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांमधून वेण्णा नदी दिसते, केळघरचा घाट दिसतो, पावसाळ्यात धबधबे दिसतात. पर्यटनाच्या चित्रफितींमध्ये जावळी एवढीच असते. थोडं थांबून बघितलं तर इथं महाराष्ट्राच्या गेल्या सत्तर वर्षांचा हिशेब मांडलेला आहे. कोयना धरणात सुमारे 105 टीएमसी पाणी साठतं आणि कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिती क्षमता 1,960 मेगावॅट आहे. हे आकडे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्या पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं कुणी पाठ करून घेत नाही. धरण उभं राहिलं पन्नास-साठच्या दशकांत आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला 1976 मध्ये. कोयनेची माणसं घरातून उठली तेव्हा त्यांच्यामागं हा कायदा नव्हता. कुणी ठाणे-रायगडकडं गेलं, कुणी सोलापूर-सांगलीकडं, आणि कुणी डोंगरावर वर सरकून तिथंच राहिलं. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानं या खोऱ्याला पुन्हा हादरवलं. 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि जंगलातल्या गावांपुढं उठण्याचा प्रश्न परत उभा राहिला. धरणाच्या वेळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज सत्तरीच्या पुढं आहे. ही पिढी गेली, की बुडालेल्या गावांचे साक्षीदार संपतील.

दुसऱ्या बाजूला, मेढा-केळघर भागातली 54 गावं बोंडारवाडी धरणासाठी वर्षानुवर्षं लढत आहेत. पावसाळ्यात डोंगरावरून पाण्याचे लोट वाहतात आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झऱ्याशी बसतात, अशी या भागाची स्थिती. एकाच तालुक्यात धरणानं उठवलेली माणसं आहेत आणि धरणासाठी मोर्चे काढणारी माणसंही आहेत. दोन्ही बाजूंचं खरं आहे. बातमीच्या चार ओळींत हे मावत नाही. याच तालुक्यातल्या बायकांनी उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानातून दारूबंदीचा लढा दिला आणि जावळीचं नाव राज्यभर झालं. आता नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्प येतो आहे. सातारा, पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतली दोनशेहून अधिक गावं त्याच्या नकाशावर आहेत. जमिनीचे भाव, रस्ते, रिसॉर्ट यांवर बोलणं सुरू झालं आहे. गावातल्या माणसाचं म्हणणं सलग, त्याच्याच तोंडून ऐकायचं असेल तर माहितीपटाइतकं नेमकं साधन मला दुसरं दिसत नाही.

म्हणूनच माहितीपट कुणासाठी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या खोऱ्यात शहरातून चमू येतात. चांगली, कळकळीची माणसं असतात. चार-आठ दिवस राहतात, गाव त्यांना जेवू घालतं, लाँचनं पलीकडं सोडून येतं. पुढं तो माहितीपट कुठल्या तरी महोत्सवात दाखवला गेला, असं गावाला नातवाच्या मोबाइलवरून कळतं. अशाच एका चित्रणात बोललेल्या एका काकांनी मला विचारलं होतं, "माझं बोलणं घेतलं, त्यातलं ठेवलं काय न् काढलं काय?" या प्रश्नाला उत्तर मिळण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. आपल्या आयुष्यातलं कुठलं वाक्य जगापुढं गेलं, हे माणसाला सगळ्यात आधी कळलं पाहिजे.

मराठी माणसाचं या माध्यमाशी नातं जुनं आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1899 मध्ये मुंबईत एका कुस्तीचं चित्रण केलं. भारतीय माणसानं केलेलं ते पहिलं वास्तवचित्रण मानतात. 1901 मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचं चित्रणही सावेदादांनीच केलं. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन आली आणि मुख्य सिनेमाच्या आधी वार्तापट आणि माहितीपट दिसू लागले. तंबू टॉकीज तर आमच्या सातारा जिल्ह्याच्या जत्रांमधलं मोठं आकर्षण होतं. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूपुढं लागलेल्या रांगा आठवणारी माणसं अजून आहेत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला आणि 2016 मध्ये कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. माळावर, जमिनीवर बसून, हजाराच्या गर्दीत पडदा बघायची सवय गावाला पूर्वापार आहे. 'गावातल्या लोकांना माहितीपट कळत नाही' असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा.

जे अनुभवलं ते त्याच माणसांपर्यंत परत न्यायचं, ही वाटही मराठीत आधीच घालून दिलेली आहे. सुमित्रा भावे मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. बायकांच्या जगण्यावर त्यांनी संशोधन केलं. पण ज्या बायकांनी माहिती दिली त्यांतल्या अनेकींना लिहिलेला अहवाल वाचता येणार नव्हता. ते संशोधन त्यांच्यापर्यंत पोचावं, या ओढीनं त्या चित्रपटाकडं वळल्या आणि 1985 मध्ये 'बाई' हा लघुपट झाला. मराठी सिनेमातलं एवढं मोठं काम त्या एका प्रामाणिक गरजेतून सुरू झालं.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' घ्या. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेला हा माहितीपट पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. तो मुंबईत आधी भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, शेकडो रहिवाशांसमोर दाखवला गेला. ज्यांची गाणी, ज्यांचं दुःख आणि ज्यांचा राग त्यात होता, ती माणसं प्रेक्षक होती. त्या माहितीपटाचं बळ मला यात दिसतं.

आणि एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचं आहे, पण ते आमच्या कोयना खोऱ्यासाठीच घडलं असावं असं वाटतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ फोगो नावाचं बेट आहे. कोळ्यांची वस्ती. मासेमारी बसली तेव्हा सरकार तिथल्या लोकांना उठवून दुसरीकडं वसवण्याचा विचार करत होतं. 1967 मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे कॉलिन लो तिथं गेले. त्यांनी एक मोठा माहितीपट करायचं सोडून माणसांच्या बोलण्याचे 27 छोटे चित्रपट केले. चित्रण आधी त्या त्या माणसाला दाखवलं, नको असलेलं काढायचा हक्क त्याला दिला आणि मग बेटावरच्या गावांतून खेळ लावले. एका गावातल्या कोळ्याला दुसऱ्या गावातल्या कोळ्याची अडचण आपल्यासारखीच आहे हे पडद्यावर दिसलं. लोक एकत्र आले, सहकारी संस्था उभी राहिली. हेच चित्रपट मंत्र्यांनाही दाखवले गेले आणि मंत्र्याचं उत्तर चित्रित करून बेटावर परत आणलं गेलं. फोगो उठलं नाही. ती माणसं आजही तिथं राहतात. सगळं श्रेय चित्रपटाचं नक्कीच नाही, ते एकत्र आलेल्या माणसांचं आहे. पण माणसं एकत्र यायला पडदा निमित्त झाला.

आमच्याकडं खेळ कसा लावायचा, हे शिकायला मला कुठल्या संस्थेत जावं लागलं नाही. देवळाचा सभामंडप मागायचा. वीज जाणारच हे धरून इन्व्हर्टर न्यायचा. पडदा म्हणून पांढरी चादर चालते, पण आवाज चांगला हवा, कारण मागं बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐकू आलं नाही तर ती उठून जातात. वेळ संध्याकाळची धारा काढून, दूध घालून झाल्यानंतरची. भातलावणीच्या आणि सुगीच्या दिवसांत खेळ लावायचाच नाही. यात्रेच्या आठवड्यात लावला तर मुंबईकरही असतात आणि गाव पूर्ण भरतं.

बायकांचा खेळ वेगळा, दुपारी, हे मी पक्कं केलं आहे. संध्याकाळी पुरुषांपुढं त्या हसतात आणि गप्प राहतात. दुपारी बचतगटाच्या बैठकीनंतर दार लोटून बसलं, की बोलायला लागतात. पुनर्वसनाच्या जमिनीवरच्या माझ्या कामात एका बाईनं सगळं बघून झाल्यावर मला बाजूला घेतलं. "ताई, माझ्या दिराचं ते बोलणं तेवढं काढा. सातबाऱ्याचं काम अजून तहसिलात पडलंय." ते बोलणं माझ्या दृष्टीनं फार मोलाचं होतं. मी ते काढलं. माहितीपट दोन मिनिटांनी लहान झाला. तिला मात्र त्या घरात, त्या गावात रोज राहायचं आहे.

त्याच खेळात कॅमेऱ्यापुढं कधीच न बोललेली एक वृद्ध बाई पडद्यावरचा जुना नकाशा बघून उठली आणि पाण्याखालच्या वाटांची नावं एकामागून एक सांगत गेली. ती नावं कुठल्याही सरकारी कागदावर मला सापडली नव्हती. दुसऱ्या बाया तिला दुरुस्त करत होत्या, भर घालत होत्या. एकटीच्या मुलाखतीत स्मृती जेवढी येते, त्याच्या कितीतरी पट अशा बैठकीत येते. म्हणून मी आता खेळाचंही चित्रण करते, लोकांच्या परवानगीनं, आणि ते माहितीपटात घेते.

याला आक्षेप आहेत, आणि ते गंभीर आहेत. पहिला आक्षेप असा, की गावाला आधी दाखवलं तर गावातले वजनदार लोकच कात्री चालवतील. ही भीती खरी आहे. गाव म्हणजे एकजीव माणूस नव्हे. त्यात वरची आळी आहे, बौद्धवाडी आहे, धनगरवाडा आहे, भाऊबंदकी आहे, सून आहे आणि सासराही आहे. म्हणून खेळ एकच नको. ज्याची बाजू कमकुवत त्याच्या वस्तीत पहिला खेळ, त्याच्या संमतीनं. आणि फरक स्पष्ट हवा. स्वतःचं बोलणं मागं घेण्याचा हक्क बोलणाऱ्याला आहे, दुसऱ्याचं तोंड बंद करण्याचा हक्क कुणालाच नाही. सरपंचाला अन्यायाचं चित्रण आवडलं नाही, एवढ्यानं ते निघणार नाही. अन्याय सोसणाऱ्यानं जिवाच्या भीतीनं आपला चेहरा काढायला सांगितला, तर तो निघालाच पाहिजे.

दुसरा आक्षेप, की आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, दुवा पाठवला की झालं. खोऱ्यातल्या कितीतरी वाड्यांवर अजून रेंज मिळायला टेकडी चढावी लागते. पण रेंज आली तरी माझं मत बदलणार नाही. मोबाइलवर माणूस एकटा बघतो आणि बोट पुढं सरकवतो. मंडपात तो शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बघतो, आणि संपल्यावर त्याला उत्तर द्यावं लागतं. बोंडारवाडीवरचा माहितीपट पाणी मागणाऱ्यानं आणि जमीन जाण्याची भीती असणाऱ्यानं एका मंडपात बसून बघितला, तर पुढची चर्चा कुठल्याही वाहिनीवरच्या वादापेक्षा खरी होईल.

तिसरी अडचण पैशाची, आणि ती सगळ्यात मोठी. स्वतंत्रपणे माहितीपट करणारी माणसं लग्नाच्या चित्रफिती करून, शिकवण्या घेऊन, उसनवारी करून काम उभं करतात. चित्रणाला कशीबशी मदत मिळते, दाखवायला कुणी देत नाही. केरळात 1984 मध्ये जॉन अब्राहम आणि मित्रांनी ओडेसा नावाचा गट काढला, लोकांकडून वर्गणी घेऊन चित्रपट केला आणि तो गावोगाव फिरवला. 2008 पासून तिथली राज्य सरकारच्या अखत्यारीतली चलच्चित्र अकादमी तिरुवनंतपुरमला माहितीपट आणि लघुपटांचा स्वतंत्र महोत्सव भरवते. आपल्या राज्यात सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं, ते योग्यच आहे. त्या पैशातला छोटासा वाटा गावातल्या खेळांसाठी ठेवायला काय हरकत आहे? 2022 मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. जनतेच्या पैशातून दशकानुदशकं झालेलं ते चित्रण जनतेच्या गावी पोचवण्याची जबाबदारी विलीनीकरणानं संपत नाही.

यासाठी नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही. महाराष्ट्रानं 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यामुळं तालुक्यात आणि मोठ्या गावांत अनुदानित वाचनालयं आहेत, खोल्या आहेत, खुर्च्या आहेत. प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात त्या तालुक्यावर झालेल्या माहितीपटांची एक प्रत असावी, आणि महिन्यातून एकदा खेळ व्हावा. मेढ्यात बसस्थानकावर उतरलेल्या विद्यार्थ्याला जावळीची बुडालेली गावं, माथाड्यांची घरं आणि दारूबंदीच्या बायका एका ठिकाणी बघायला मिळाल्या पाहिजेत. सार्वजनिक प्रदर्शनासाठी कायद्यानं प्रमाणपत्र लागतं. ख्वाजा अहमद अब्बास आपल्या 'चार शहर एक कहानी' या माहितीपटासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले, तरी 1970 च्या निकालात पूर्वपरीक्षणाची पद्धत कायम राहिली. निदान तिकीट नसलेल्या, गावातल्या गावात होणाऱ्या खेळांसाठी ही वाट सोपी आणि बिनखर्चाची करता येईल.

माझं म्हणणं तिघांना आहे. माहितीपट करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पहिल्या दिवशी अंदाजपत्रक मांडाल तेव्हाच गावातल्या खेळाचा खर्च त्यात धरा, आणि महोत्सवाचा अर्ज भरण्याआधी तो खेळ लावा. सरकारनं वाचनालयांच्या अनुदानात माहितीपटाच्या खेळांची सोय करावी. आणि गावकऱ्यांनो, उद्या कुणी कॅमेरा घेऊन दारात आला तर त्याला जरूर बसवा, पाणी द्या, मनातलं सांगा. पण बोलायला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट त्याच्याकडून लिहून घ्या: पहिला खेळ आमच्या मंडपात, आणि एक प्रत आमच्या शाळेत.